जमीन, उंबरा आणि जीव

1843 साली ऑगस्ट फॉन हाक्स्टहाउझेन हा वेस्टफालियातला जर्मन बॅरन रशियाच्या खेड्यांमधून फिरायला निघाला. शेती आणि जमिनीच्या मालकीचे रिवाज हा त्याच्या अभ्यासाचा विषय. मध्य रशियातल्या गावांत त्याने जे पाहिलं, त्याने तो चकित झाला. शेतजमीन कुणा एकाची नव्हती, साऱ्या गावाची होती, आणि काही वर्षांनी गावकरी ती नव्याने वाटून घेत. कुठली जमीन कसदार, कुठली हलकी, कुठली गावालगत, कुठली लांब ओढ्यापलीकडे. म्हणून प्रत्येक प्रकारच्या जमिनीच्या लांबट पट्ट्या पाडायच्या, आणि कुठली पट्टी कुणाला हे खुणा केलेले लाकडाचे तुकडे उचलून नशिबावर सोडायचं. घरात कर्ती माणसं वाढली की पट्ट्या वाढत, घटली की कमी होत. हाक्स्टहाउझेनने यावर मोठा ग्रंथ लिहिला. तो वाचून मॉस्कोतले स्लाव्होफिल विचारवंत हरखून गेले. पश्चिम युरोपाने केव्हाच गमावलेलं आदिम बंधुत्व आपल्या शेतकऱ्याने अनादिकाळापासून जपलं आहे, असं त्यांचं म्हणणंच होतं.

1856 साली बोरिस चिचेरिन या तरुण कायदेपंडिताने एक लेख छापला आणि या आनंदावर पाणी पडलं. ही चाल आदिम वगैरे काही नाही, ती सरकारच्या करांमधून आणि भूदासपद्धतीतून जन्मली, असं त्याने जुन्या कागदपत्रांच्या आधारे मांडलं. मोठा वाद पेटला. चिचेरिनचं सगळंच पुढे टिकलं नाही. गावाची एकजूट, गावसभा, एकमेकांच्या मदतीला धावणं या गोष्टी खरोखरच फार जुन्या आहेत. पण ठरावीक काळाने जमीन पुन्हा वाटण्याची रीत मध्य रशियात मुख्यतः अठराव्या शतकात पसरली, हे आता बरंचसं मान्य आहे. म्हणजे बॅरनला जे अनादि वाटलं, ते त्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या आज्या-पणज्यांच्या काळातलं होतं!

या इतिहासात मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट अशी की, कर नेमका कशावर बसवायचा याचं माप रशियन राज्याने दोनदा बदललं, आणि दोन्ही वेळा लाखो माणसांचं घर, शेजार, लग्न, वाटणी यांचा आकारच बदलून गेला. आधी जमीन मोजली, मग उंबरा, आणि शेवटी जीव.

सुरुवात पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून करू. 1478 मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने नोव्हगोरोद जिंकलं आणि नंतर तिथल्या जमिनीची तपशीलवार नोंद करायला कारकून पाठवले. त्या वह्या उरल्या आहेत. त्यांतली गावं पाहिली की डोळ्यांसमोरचं रशियन खेड्याचं चित्रच पुसलं जातं. बहुतेक गावं एका, दोन, फार तर चार घरांची. अफाट जंगलात मध्येच एक मोकळी जागा, तिथे बाप आणि दोन मुलगे, किंवा दोन भाऊ. झाडं तोडायची, वाळली की जाळायची, राखेत राय नावाचं धान्य पेरायचं, काही वर्षांनी जमीन थकली की दुसरीकडे कुऱ्हाड चालवायची. साधारण याच काळात त्व्हेरचा व्यापारी अफानासी निकितिन आपल्याकडे चौलला उतरला होता आणि त्याने जुन्नरला पावसाळा काढला होता. त्याने मागे सोडलेला मुलूख हा असा होता.

एकेका घराचं गाव म्हणजे गावपण नव्हतंच, असं मात्र नाही. अशी पन्नास-शंभर ठिकाणं मिळून एक वोलोस्त होई, आणि खरा समाज तिथे भेटे. वोलोस्तचे लोक आपला पुढारी निवडत, राजाला द्यायच्या कराची आपसात विभागणी करत, स्वतः लाकडी चर्च बांधत आणि करार करून त्यात पाद्री नेमत. उत्तरेकडच्या चर्चना लागून एक प्रशस्त दालन असे. त्याच दालनात सभा भरे, भांडणं मिटवली जात, आणि गावाच्या संताच्या सणाला सगळ्यांच्या धान्यातून गाळलेली बिअर पिऊन जेवणावळ उठे. जमिनीचं म्हणाल तर ती घराण्याकडे असे. उत्तरेकडचे शेतकरी ती विकत, गहाण टाकत, मुलांत वाटत, आत्म्याच्या शांतीसाठी मठाला दान देत. पुन्हा वाटणीचा मागमूस नाही.

आणि माणूस निघून जाऊ शकत असे. 1497 च्या कायद्याने त्यासाठी वर्षातले दोन आठवडे ठरवून दिले: 26 नोव्हेंबरच्या संत जॉर्जच्या दिवसाआधीचा एक आणि नंतरचा एक. पीक घरात आलेलं असे, देणी चुकती करता येत. राहत्या घराचा मोबदला म्हणून मोकळ्या मैदानी भागात एक रूबल आणि जंगलाच्या भागात अर्धा रूबल भरायचा, तोही चार वर्षं राहिला असाल तर पुरा. मग सामान गाडीत टाकून दुसऱ्या जमीनदाराकडे. जमीन भरपूर आणि हात कमी, त्यामुळे जमीनदार एकमेकांची कुळं पळवत. ज्याच्याकडून माणूस निघून जाऊ शकतो, त्याला माणसाशी जरा बरं वागावं लागतं.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे सगळं कोसळलं. चौथ्या इव्हानची पंचवीस वर्षं चाललेली लिव्होनियाची लढाई, त्याच्याच खास पथकाने, ओप्रिच्निकांनी, केलेली लूट, 1570-71 ची साथ. नोव्हगोरोदच्या मुलखातल्या 1580 च्या दशकातल्या नोंदवह्या वाचवत नाहीत. ओळीमागून ओळ तेच: घर ओस, शेत ओस. उरलेली माणसं दक्षिणेच्या गवताळ प्रदेशात, व्होल्गा आणि डॉन नद्यांकडे निघून गेली. घोड्यावर बसून लढायला येणाऱ्या सरदाराचं पोट त्याच्या कुळांवर चालत असे, आणि कुळंच नाहीत तर फौज कुठून उभी राहणार? म्हणून 1580 च्या दशकापासून त्या नोव्हेंबरच्या दोन आठवड्यांवर बंदी येऊ लागली. 1597 च्या हुकुमाने पळालेल्या शेतकऱ्याला पाच वर्षांपर्यंत शोधून परत आणण्याचा हक्क मिळाला.

मध्येच एक गोष्ट सांगायलाच हवी. फेब्रुवारी 1600 मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पेरूत हुआयनापुतिना नावाचा ज्वालामुखी फुटला. त्याची धूळ आकाशात पसरून उत्तर गोलार्धातले उन्हाळे थंडावले, आणि 1601 ते 1603 रशियात सलग पिकं बुडण्यामागे हेच कारण असावं असं शास्त्रज्ञांना वाटतं. भयानक दुष्काळ पडला. झार बोरिस गोदुनोव्हला 1601 आणि 1602 मध्ये शेतकऱ्यांच्या स्थलांतराची मुभा अंशतः परत द्यावी लागली. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला डोंगर फुटतो आणि रायच्या शेतातल्या माणसाला दोन वर्षांपुरती दोरी सैल होते. ती पुन्हा आवळली गेली, आणि 1649 च्या कायदेसंहितेने शोधाची मुदतच काढून टाकली. पळालेला शेतकरी कधीही सापडला तरी बायकामुलांसह मूळ मालकाकडे. पळून गेलेल्या मुलीने दुसऱ्या जमीनदाराच्या माणसाशी लग्न केलं असेल, तर नवऱ्यासकट तिला परत पाठवायचं, इतक्या बारकाईने त्या संहितेने लिहून ठेवलं आहे.

पण बांधून ठेवलेल्या माणसाकडून कर कसा मोजायचा, हा प्रश्न उरलाच. जमिनीवर कर होता तेव्हा माणसं कागदावरची लागवड कमी ठेवत. पडीक दाखवलेल्या तुकड्यावर कर कमी. म्हणून 1678 ची गणती झाल्यावर 1679 पासून सरकारने मुख्य कराचं माप बदललं. जमीन सोडा, उंबरे मोजा.

यावर गावांनी काढलेला उपाय वाचून मी अवाक झाले. उंबऱ्यावर कर असेल, तर उंबरे कमी करायचे. वेगळे झालेले भाऊ पुन्हा एका छताखाली आले. मुलांची लग्नं झाली तरी वेगळी चूल मांडायची नाही. चुलते, जावई, विधवा बहीण, दूरचा अनाथ पोर, सगळे एकाच आवारात. कुठे दोन-तीन घरांभोवती एकच कुंपण घालून ते एक घर म्हणून दाखवलं गेलं, आणि यात जमीनदारही सामील असत. 1710 मध्ये पहिल्या पीटरने नवी गणती करवली, तर घरांची संख्या 1678 पेक्षा सुमारे पाचव्या हिश्शाने घटलेली! युद्धं, सक्तीची कामं, पळालेली माणसं ही कारणं होतीच, पण माणसं एका कुंपणात दाटली होती हेही तितकंच खरं.

याचा माणसांच्या जगण्यावर काय परिणाम झाला असेल, ते त्या घराच्या रचनेवरून दिसतं. इझ्बा, म्हणजे लाकडी ओंडक्यांची एक मोठी खोली. तिचा मोठा भाग चुलाण्याने व्यापलेला. बहुतेक घरांना धुराडं नव्हतं. धूर दारातून आणि भिंतीतल्या झरोक्यातून जाई आणि वरची भिंत काळीकुट्ट होई. म्हातारे चुलाण्यावर झोपत, पोरं छताखालच्या फळ्यांवर, बाकीचे भिंतीलगतच्या बाकांवर. कडाक्याच्या थंडीत वासरं-कोकरंही आत. कोपऱ्यात देवप्रतिमा, आणि त्या कोपऱ्याखाली घरातला कर्ता पुरुष बसणार. आता या एका खोलीत दोन-तीन जोडपी आली. चुलीची किल्ली सासूकडे, पैशाची सासऱ्याकडे, आणि धाकट्या सुनेला स्वतःची म्हणावी अशी एक पेटी, तिच्या माहेरच्या कापडाची. एकत्र कुटुंब हे रशियन शेतकऱ्याच्या स्वभावातच आहे असं पुढे पुष्कळांनी लिहिलं. स्वभावाचा वाटा असेलही, पण करवसुलीच्या वहीचा वाटा मला त्याहून मोठा वाटतो.

पीटर चिडला आणि त्याने माप पुन्हा बदललं. 26 नोव्हेंबर 1718 रोजी हुकूम निघाला: आता घर नाही, प्रत्येक पुरुष जीव मोजा. तारीख पाहा. ज्या दिवशी पूर्वी शेतकरी गाडी जुंपून निघत, तोच संत जॉर्जचा दिवस. हिशोब साधा आणि निष्ठुर होता. फौजेचा वर्षाचा खर्च सुमारे 40 लाख रूबल, मोजलेले पुरुष सुमारे 54 लाख. भागाकार केला, दरडोई 74 कोपेक. पाळण्यातलं पोर असो की अंथरुणाला खिळलेला म्हातारा, दर तोच. 1724 पासून वसुली सुरू झाली आणि ती करायला खुद्द पलटणीच जिल्ह्याजिल्ह्यांत नेऊन बसवल्या. त्याच वर्षीच्या नियमाने, कामासाठी 30 वेर्स्टपेक्षा, म्हणजे साधारण 32 किलोमीटरपेक्षा लांब जायचं तर सरकारी परवाना लागू लागला.

याच गणतीत रशियातली गुलामगिरी बुडाली. स्वतःला विकून गुलाम झालेले लोक पूर्वी करातून सुटत. 1679 मध्ये शेतावरच्या आणि 1723 मध्ये घरकामाच्या गुलामांनाही करदात्यांत धरलं गेलं. कुणी त्यांना मुक्त केलं नाही, कुणी घोषणा केली नाही. वहीतला एक रकाना बंद झाला आणि शेकडो वर्षांचा एक वर्ग नाहीसा झाला. उलट्या बाजूने, जमिनीला बांधलेला शेतकरी हळूहळू गुलामासारखाच विकला जाऊ लागला.

आता गावात काय झालं ते पाहू. कर जिवांवर मोजला जाई, पण भरायचा सगळ्या गावाने मिळून. कुणी चुकला, पळाला, मेला, तर त्याचा वाटा शेजाऱ्यांनी भरायचा. पुढची गणती होईपर्यंत मेलेल्याचं नावही वहीत जिवंत; गोगोलच्या ‘मृत आत्मे’ या कादंबरीचं कथानक याच फटीतून उगवलं आहे. तान्हं मूल कर भरू शकत नाही. मग गावसभेने कराचा बोजा प्रत्यक्ष राबणाऱ्या जोडप्यांवर वाटायला सुरुवात केली, आणि ज्याच्या खांद्यावर जितका बोजा, त्याला तो पेलण्यापुरती तितकी जमीन. एखाद्या घरी चार मुलगे कर्ते झाले, दुसऱ्या घरचे दोघे फौजेत गेले, की हा तोल बिघडे. म्हणून पुन्हा वाटणी. बॅरनला दिसलेली समता ती हीच. जमिनीची पट्टी हा हक्क होताच, पण हलक्या मातीच्या मुलखात कित्येकदा ती नकोशी जबाबदारीही असे, आणि सभा ती बळेच गळ्यात बांधी. उत्तरेकडे जिथे शेतकरी जमीन विकत-घेत होते, तिथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारनेच ते व्यवहार बंद करून समान वाटणीचा आग्रह धरला.

जोडपं हेच एकक ठरल्यावर लग्न ही घरापुरती बाब राहिली नाही. अविवाहित तरुण म्हणजे गावाला कमी पडलेला हात. मुलं-मुली पोरवयातच बोहल्यावर चढत. दुसऱ्या जमीनदाराच्या गावात मुलगी द्यायची तर तिच्या मालकाला पैसे मोजावे लागत. कित्येक जमीनदार लग्न न करणाऱ्या मुलींच्या घरांना दंड लावत. तरीही नकार देणाऱ्या स्त्रिया होत्या! जॉन बुशनेल या इतिहासकाराने व्होल्गाच्या वरच्या भागातल्या गणत्या आणि चर्चच्या वह्या चाळल्या, तर काही गावांत मोठ्या संख्येने स्त्रिया आयुष्यभर अविवाहित राहिलेल्या आढळल्या. त्या चर्चचे नवे विधी नाकारणाऱ्या, जुन्या श्रद्धेच्या ‘स्पासोव्त्सी’ पंथाच्या होत्या. खरं चर्च पृथ्वीवर उरलं नाही, तर खरं लग्न तरी कोण लावणार, हा त्यांचा युक्तिवाद. जमीनदार, गावसभा आणि दंड या सगळ्यांसमोर त्या ठाम राहिल्या. मला या इतिहासातली सगळ्यात धीट माणसं त्याच वाटतात.

1705 पासून फौजभरतीही गावावर बसली: सुरुवातीला वीस घरांमागे एक तरुण, आणि तोही जन्मभरासाठी. 25 वर्षांची मर्यादा 1793 मध्ये आली. ज्याची निवड होई त्याला घरचे मेलेल्यासारखे रडून निरोप देत. त्याची बायको ना विधवा, ना सवाष्ण. कुणाला पाठवायचं हे ठरवण्याची ताकद गावातल्या म्हाताऱ्या कर्त्यांच्या हातात आली, आणि उद्धट पोराला धाक घालायला दुसरं काही लागेना. स्टीव्हन होक यांनी तांबोव प्रांतातल्या पेत्रोव्स्कोये या गागारिन घराण्याच्या गावाचे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले कागद अभ्यासले. तिथे म्हातारे कर्ते आणि जमीनदाराचा कारभारी एकमेकांना धरून होते. मोठी कुटुंबं, चाबूक आणि भरतीची भीती यांवर गाव चाले. हे चित्र गावाच्या बंधुत्वाची गाणी गाणाऱ्यांना झोंबणारं आहे, पण ते खरं आहे.

याचा अर्थ आनंद नव्हता असा नाही. घर उभारायला, शेत कापायला सारं गाव एका दिवसासाठी येई आणि मालक सगळ्यांना जेवू घाली, थेट आपल्याकडच्या इर्जिकीसारखं. हिवाळ्याच्या रात्री पेटत्या ढलपीच्या उजेडात मुली सूत कातायला एका घरी जमत, मग मुलंही येत. या मजेवरही राज्याचा डोळा होता. 1648 मध्ये झार अलेक्सेईने गावोगाव फिरणाऱ्या स्कोमोरोखांवर, म्हणजे अस्वलं नाचवणाऱ्या गाणाऱ्या-बजावणाऱ्यांवर बंदी घातली. त्या हुकुमात झोपाळे खेळण्यालाही मनाई आहे. मॉस्कोत पाच गाड्या भरून वाद्यं जाळली, असं ओलेआरियस या जर्मन प्रवाशाने लिहून ठेवलं. आणि रशियाचं म्हणून जग ज्याला ओळखतं त्या बालालाइकाचा पहिला लेखी उल्लेख 1688 चा, म्हणजे त्यानंतर चाळीस वर्षांनी. झोपाळेही कुठे गेले नाहीत.

धर्माचीही नोंद वहीत आली. पॅट्रिआर्क निकोनने 1650 च्या दशकात विधी बदलले. क्रूसाची खूण दोन बोटांऐवजी तीन बोटांनी करायची ठरली. लाखो शेतकऱ्यांनी ते नाकारलं. काहींनी सैनिक दारात येताच स्वतःला चर्चमध्ये कोंडून जाळून घेतलं. काहींनी उत्तरेच्या जंगलात 1694 मध्ये व्यिग नदीकाठी वस्ती वसवली, जी हस्तलिखितांचं मोठं केंद्र बनली. 1716 पासून पीटरने जुन्या श्रद्धेच्या लोकांवर दुप्पट कर लावला, आणि वर्षातून एकदा पापनिवेदनाला कोण आलं, कोण नाही याची यादी पाद्र्याला ठेवावी लागली. ज्या पाद्र्याला पूर्वी गाव नेमत असे, तो आता सरकारी नोंदणीकार झाला आणि त्याची जागा बहुधा त्याच्या मुलाकडेच जाऊ लागली.

सगळी गावं एका साच्याची नव्हती, हे मात्र विसरू नये. शेरेमेतेव्ह घराण्याच्या इव्हानोवो गावात अठराव्या शतकाच्या अखेरीस कापडाचे कारखाने चालत, आणि त्यांचे चालक स्वतः भूदास असत.

1861 मध्ये भूदासांची सुटका झाली, तरी जमिनीची किंमत फेडण्याची जबाबदारी बहुतेक ठिकाणी गावावरच टाकली गेली. डोईपट्टी युरोपीय रशियात 1887 मध्ये संपली, सामूहिक जबाबदारी 1903 मध्ये. 1906 पासून पंतप्रधान स्तोलिपिनने शेतकऱ्यांना गावापासून आपली जमीन वेगळी करून घ्यायला उत्तेजन दिलं. आता वाटणीची सक्ती करणारं कुणी उरलं नव्हतं. तरी 1917-18 मध्ये गावांनी वेगळ्या झालेल्या बहुतेकांना बळाने परत ओढलं आणि जमीनदारांच्या जमिनींसह सारं रान आपसात पुन्हा वाटून घेतलं. सोव्हिएत सरकारने शेतीचं सामूहिकीकरण केलेल्या भागांतले हे ग्रामसमाज बरखास्त करण्याचा हुकूम 1930 मध्ये निघाला, तोवर रशियातली बहुतेक शेतजमीन याच पद्धतीने कसली जात होती.